प्रकल्प संपल्यावर आमच्या पेशंटचं काय? आरोग्य संस्थांना आणि त्यांच्या देणगीदारांना खुलं पत्र

प्रति,
विदर्भाच्या ग्रामीण भागात आरोग्याचं काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचे विश्वस्त,
आणि त्यांना निधी देणाऱ्या कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारी, विभागांचे प्रमुख,

सप्रेम नमस्कार.

मी आरोग्य खात्यातून निवृत्त झालेली आरोग्य सहाय्यिका. नोकरीची बहुतेक वर्षं यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला गेली. झरी जामणी, मारेगाव, पांढरकवडा असा तो पट्टा. कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, लमाणांचे तांडे, बाकी सगळा कापूस आणि तूर. पेन्शन सुरू होऊनही लोक मला सिस्टरच म्हणतात आणि पाय सुजला की दाखवायला दारात येतात. तुमच्यापैकी कित्येकांच्या गाड्यांना पोडाचा रस्ता मीच दाखवला आहे. शिबिरासाठी शाळेची किल्ली मागून आणली, सतरंज्या गोळा केल्या, बायकांना घरोघर जाऊन बोलावलं. तुमचं काम जवळून पाहिलं आहे आणि त्यातलं चांगलंही पाहिलं आहे, म्हणूनच लिहायचा अधिकार आहे असं समजते.

मागणी एकच आहे. गावात पहिलं पाऊल टाकण्याआधी, देणगीदाराशी जो करार करता त्या करारातच लिहा, की प्रकल्प ज्या दिवशी संपेल त्या दिवशी चालू असलेल्या पेशंटचं काय होणार. त्याची गोळी दुसऱ्या दिवशीपासून कोण देणार, त्याची नोंद कोणाकडे राहणार आणि तुम्ही शिकवलेली गावातली मुलगी पुढे काय करणार. याची उत्तरं शेवटच्या वर्षी शोधायची नसतात. तेव्हा सगळे अहवाल लिहिण्यात गुंतलेले असतात.

मी हे का म्हणते, ते एका फिरत्या दवाखान्यावरून सांगते. संस्थेचं नाव सांगणार नाही. तिथली माणसं वाईट नव्हती, उलट फार चांगली होती.

गाडी दर बुधवारी यायची. आत डॉक्टर, नर्स, औषधं देणारा, रक्त तपासायची सोय. शाळेपुढच्या कडुलिंबाखाली गाडी थांबली की आधी कंपनीचा बॅनर बांधायचा, मग फोटो, मग पेशंट. एका पोडातल्या साठीच्या कोलाम बाबांचा बीपी मोजला तर वरचा आकडा 190. त्यांना त्रास काहीच नव्हता. चक्कर नाही, डोकं दुखत नाही, सकाळी वावरात जाऊन आलेले. बीपीचं काम इथेच अवघड होतं. दुखत नसताना रोज गोळी खायची, आणि तीही मरेपर्यंत, हे पटवणं म्हणजे महिनोन्महिन्यांचं काम असतं. ‘मले काई झालंच नाई तं गोई कायले खाऊ?’ असं ते दर बुधवारी विचारायचे. गाडीवरची नर्स वीस-बावीसची पोरगी असेल, पण चिकाटीची. घरी जाऊन बाबांच्या सुनेला सांगायची, रिकामं पाकीट पाहिल्याशिवाय नवं द्यायची नाही. हळूहळू बाबांना सवय लागली. आकडा 140 च्या खाली आला. पुढे तर पोडातल्या बाकीच्यांना तेच विचारायचे, गोई घेतली का म्हणून.

मग मार्च संपला. एप्रिलच्या पहिल्या बुधवारी गाडी आली नाही, दुसऱ्याही आली नाही. लोक कडुलिंबाखाली येऊन बसले आणि उठून गेले. कोणी सांगितलंच नव्हतं. गावातल्यांना नाही, आम्हालाही नाही. बाबा माझ्याकडे आले, ‘बाई, गाडीवाल्या गोया सरल्या. आता?’

उपकेंद्रात गोळी होती. पण बाबांचं नाव तिथल्या नोंदीत नव्हतं. गाडीची सगळी नोंद गाडीच्या टॅबमध्ये, आणि टॅब संस्थेच्या ऑफिसात. कोणती गोळी, किती एमजीची, मूत्रपिंडाची तपासणी झाली होती का, काहीच कळायला मार्ग नाही. पुन्हा पहिल्यापासून तपासणी, पुन्हा फॉर्म. वर उपकेंद्र नाल्यापलीकडे, आणि पेरणीच्या दिवसांत एका गोळीसाठी मजुरी बुडवून कोण जातो? बाबांनी दोन-तीनदा आणली, मग सोडून दिली. दिवाळीच्या आधी त्यांना लकवा मारला, उजवी बाजू गेली. गोळी बंद पडल्यामुळेच हे झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, तसं कोणालाच म्हणता येत नाही. पण डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गडचिरोलीच्या 86 गावांत मृत्यूंची कारणं शोधली तेव्हा लकवा पहिल्या क्रमांकावर निघाला, सातातला एक मृत्यू त्याने होत होता. तो अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला आहे. बीपीची गोळी मध्येच तुटली की काय होतं हे समजायला यापेक्षा जास्त काही वाचायची गरज नाही.

बाबांसारखे माझ्या माहितीत बरेच आहेत. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की त्या संस्थेच्या शेवटच्या अहवालात हे सगळे पेशंट ‘लाभार्थी’ म्हणून मोजले गेले असणार. त्या दिवसापर्यंत ते खरंच होतं.

आता तुम्ही म्हणाल, निधीच तेवढ्या वर्षांचा असतो. ठाऊक आहे. 1 एप्रिल 2014 पासून कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. 2021 मध्ये नियम बदलले, त्यात ‘चालू प्रकल्प’ कशाला म्हणायचं ते ठरवून दिलं: सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं. आमच्याकडे येणारी बहुतेक कामं तीन वर्षांच्या मापाची का असतात, त्याचं एक कारण हे. मधुमेह, बीपी, सिकलसेल, मिरगी हे आजार मात्र आर्थिक वर्ष पाहून येत नाहीत. आणि वणी, कोरपना, राजुरा भागात खाणी आणि सिमेंटचे कारखाने असल्यामुळे, शिवाय आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्या असं कायदाच म्हणतो म्हणून, आमच्या बाजूला पैसा येतच राहणार. एक संस्था जाईल, दुसरी येईल. दुसरी आली की पुन्हा सर्वेक्षण. आमच्या लोकांचं वजन आणि उंची इतक्यांदा मोजली गेली आहे की आता लोकच विचारतात, ‘मागच्या वर्षीचं सापडलं नाई का?’

तीन वर्षं कमी आहेत हे मला मान्य नाही, असं म्हटलं तर तुम्हाला आश्चर्य वाटेल. तीन वर्षांत खूप होतं, पण शेवटचं अख्खं वर्ष सोपवणुकीला दिलं तर. त्या वर्षी गाडीने पेशंट तपासायचे नाहीत. पेशंटला उपकेंद्रात नेऊन तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याशी गाठ घालून द्यायची, आणि त्याची गोळी तिथून महिनोन्महिने मिळते आहे ना हे बघायचं. नोंदवहीची छापील प्रत उपकेंद्रात, दुसरी प्राथमिक आरोग्य केंद्रात. गोळीचा साठा कमी पडला तर मागणीपत्र कसं लिहायचं, जिल्हा परिषदेत कोणाच्या टेबलावर ते अडकतं, तिथे कोण जाऊन बसणार, हे सगळं शेवटच्या वर्षाचं काम. यात फोटो काढण्यासारखं काही नाही, हे मला मान्य आहे.

‘उपकेंद्रात गोळ्याच नसतात, म्हणून तर आम्ही आलो’ हेही ऐकलं आहे. खरं आहे, नसतात. पदं रिकामी असतात, डॉक्टर पांढरकवड्याला राहतात, पावसाळ्यात गाडी जात नाही. आदिवासी भागात 3,000 लोकांमागे उपकेंद्र आणि 20,000 लोकांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र हवं हा नियम आहे, पण नियमाने इमारत उभी राहते, त्यात माणूस राहतोच असं नाही. हे मी आत राहून पाहिलं आहे आणि सरकारला यातून मोकळं सोडायचं माझ्या मनात नाही. उलट माझं म्हणणं असं आहे की तुमची गाडी सुरळीत चालते तेव्हा सरकारला सोयीचं जातं. ‘त्या भागात संस्था काम करते’ असं एकदा बैठकीत सांगितलं गेलं की त्या उपकेंद्राच्या रिक्त पदाची निकड कमी होते. हे कोणी कागदावर लिहीत नाही. बैठकीत बसलेल्यांना माहीत असतं.

विदर्भात मुक्कामाला राहिलेल्या संस्था आहेत आणि त्यांच्याकडे पाहिलं की फरक कळतो. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प 1973 पासून तिथेच आहे. कुरखेड्याची ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ ही संस्था 1984 पासून. मेळघाटात बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे, धारणीजवळ उतावलीला डॉ. आशिष सातव. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने तर ऐंशीच्या दशकात ज्वारीच्या मापात आरोग्य विमा चालवला होता. सुगीला घरटी ठरलेली ज्वारी द्यायची आणि दवाखान्यात उपचाराची सवलत घ्यायची. शेतकऱ्याच्या हातात रोकड कधी असते आणि धान्य कधी असतं, हे ज्याला माहीत होतं त्यालाच ही योजना सुचली असणार.

पण सगळ्यांनी आयुष्यभर तिथे राहावं असं मी म्हणत नाही. कितीजण राहतील? राहणं जमत नसेल तर सोपवता येईल असं काम करा. आणि याचं सर्वांत चांगलं उदाहरणही मुक्कामाला राहिलेल्यांनीच घालून दिलं आहे. सर्चने गडचिरोलीच्या 39 गावांत 1995 ते 1998 या काळात नवजात बाळांची घरोघरी काळजी घेण्याचं काम केलं. बाळाला झोळीत टाकून काट्यावर वजन करायचं, काखेत थर्मामीटर लावायचा, घड्याळ समोर धरून मिनिटभर श्वास मोजायचे. साठ किंवा जास्त आले तर धोका. ज्यांना आकडे मोजायला अवघड जायचे त्यांच्यासाठी मणी सरकवून श्वास मोजायचं साधन केलं होतं. बाळ गार पडू नये म्हणून उबदार पिशवी. जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर औषध आणि इंजेक्शनही तीच बाई द्यायची. बाहेरून आलेली नर्स नाही, गावातलीच आरोग्यदूत. शेजारच्या तुलनेच्या गावांच्या हिशोबाने तिथला नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी खाली आला, आणि 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आल्यावर जगाने पाहिलं. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. काम इतकं सुटसुटीत बांधलेलं होतं की 2011 पासून सरकारने ते देशभरातल्या आशांच्या, म्हणजे गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या, कामात घेतलं. आज झरीतली आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाच्या घरी जाते ती त्याच कामाची साखळी आहे. इंजेक्शनचा भाग मात्र आशाकडे दिला नाही, तो वाद वेगळा आणि मला त्यात माझी मतं आहेत, पण इथे नको.

सर्चचा शोधग्राममधला दवाखाना बांधतानाही तिथल्या आदिवासींना विचारलं गेलं होतं. दवाखाना गोंडांच्या गावासारखा झोपड्यांचा झाला आणि त्याला दंतेश्वरी मातेचं नाव मिळालं. तुमच्यापैकी किती जणांनी पोडाच्या प्रमुखाला, नाईकाला, विचारलं आहे, गाडी बुधवारी यावी की बाजाराच्या दिवशी? विचारलं असतंत तर कळलं असतं की वेचणीच्या दिवसांत सकाळी दहाला पोडात म्हातारे आणि कुत्री सोडून कोणी नसतं.

आशांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमच्या अहवालांत ‘आशांच्या सहकार्याने’ हे शब्द दर दोन पानांवर असतात. आशाला पगार नाही. कामागणिक मोबदला आणि त्यावर मानधन. नवजात बाळाच्या सगळ्या भेटी पूर्ण केल्या, फॉर्म भरला, तर 250 रुपये. राज्यातल्या आशांना मानधन वाढवून घ्यायला 2023 मध्ये संपावर जावं लागलं, पुढे 2024 मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर बसावं लागलं. या बाईकडे तुमचा समन्वयक येतो आणि म्हणतो, ताई, गरोदर बायकांची यादी द्या. शिबिराला पंधरा बायका आणा. आमच्या अ‍ॅपमध्ये एवढं भरून द्या. तिच्या मोबाइलमध्ये सरकारचे अ‍ॅप आधीच आहेत, त्यात तुमचं. तीच माहिती तीनदा भरायची, रेंज मिळावी म्हणून टेकडावर चढून भरायची. आणि तुमच्या बजेटमध्ये तिच्या नावाने काय असतं? चहा-नाश्ता, आणि शेवटी प्रमाणपत्र, कधी कधी एक साडी. संगणक प्रणालीवाल्या कंपनीला जे देता त्यातला थोडा भाग तिच्या दिवसाच्या कामाला द्या. देता येत नसेल तर तिला काम सांगू नका. तिच्या वहीत माहिती आहेच, तुम्ही येऊन उतरवून घ्या.

संस्थेने स्वतः नेमलेल्या गावातल्या मुलींचं दुखणं याहून वेगळं आहे. एका गावात बारावी झालेली मुलगी होती, सासरहून परत आलेली, पदरात लेकरू. संस्थेने तिला घेतलं, शिकवलं. बीपी मोजणं, ग्लुकोमीटर, हिमोग्लोबिन, गरोदर बाईच्या धोक्याच्या खुणा. काम फार मन लावून करायची. गावात तिला ‘डाक्टरीन’ म्हणायला लागले, आधी चेष्टेने आणि मग खरंच. 31 मार्चला तिचं काम संपलं. मशीन परत घेतलं, ओळखपत्र परत घेतलं. बायका मात्र तिच्याच दारात यायच्या, अजूनही येतात. आता ती दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जाते. तिला शिकवायला जो पैसा गेला तो वाया गेला म्हणायचा की नाही हे तुम्हीच ठरवा. मला एवढंच कळतं, की तिला शिकवतानाच आशाची किंवा नर्सिंगच्या कोर्सची वाट धरून दिली असती, किंवा ग्रामपंचायतीकडून तिला उपकेंद्रात मदतनीस म्हणून ठेवता येईल का याची चौकशी केली असती, तर बीपीचं मशीन परत न्यायची गरज पडली नसती.

आणि सिकलसेल, आईबापाकडून पोराला येणारा रक्ताचा आजार. पूर्व विदर्भात आणि आमच्याकडे हा आजार घराघरांत आहे. 2023 मध्ये केंद्र सरकारने देशभरात सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, चाळिशीपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करायची आणि 2047 पर्यंत आजार संपवायचा. त्याच्या आधीपासून संस्था शाळा-आश्रमशाळांमध्ये तपासण्या करताहेत. पण बोटातून रक्त घेऊन सोल्युबिलिटीची जी पहिली चाचणी होते तिच्यातून पोर वाहक आहे की रुग्ण, हे कळत नाही. त्यासाठी पुढची चाचणी लागते. कितीतरी पोरांचं पुढचं रक्त नेलं आणि रिपोर्ट आलाच नाही. आईला एवढंच माहीत, की ‘सिकल निघाला’. लग्नाच्या वेळी ते सांगायचं की लपवायचं, पोराचे सांधे दुखले की कोणती गोळी, रोजची गोळी सुरू करायची का, काही नाही. तपासणी करून निकाल न देणं, याला मी काम म्हणत नाही. असं कोणी माझ्या हाताखाली केलं असतं तर त्याला मी शिबिराला पाठवणं बंद केलं असतं.

तुम्ही नसता तर काय झालं असतं, हेही लिहायला हवं. 2017 मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीची विषबाधा झाली, वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती आणि फवारा अंगावरच येत होता. तेव्हा संस्थांच्या गाड्यांनी पेशंट नेले, नातेवाइकांना जेवू घातलं, सरकारी कागद हलायच्या आधी हे झालं. ते आम्ही विसरलो नाही. त्यानंतर मात्र ज्याने त्याने संरक्षक किट वाटायला सुरुवात केली. प्लास्टिकचा अंगरखा, चष्मा, मोजे. ऑगस्टच्या उकाड्यात तो अंगरखा घालून पाठीवर पंप घेऊन एक एकर फवारून दाखवा, मग बोलू. पुढच्या हंगामात त्याच अंगरख्यांनी कितीतरी कुडाच्या भिंती झाकलेल्या पाहिल्या. विषबाधेचा पेशंट आला तर पहिल्या तासात अ‍ॅट्रोपिन, म्हणजे विषावरचा उतारा, द्यायला आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात साठा आहे का, रात्री देणारं कोणी आहे का, हे दर जूनमध्ये तपासून पंचायतीला सांगणारी एक संस्था मिळाली असती तर त्या किटांपेक्षा उपयोग झाला असता.

असं तपासणं आणि विचारणं हे या राज्यात संस्थांनी करून दाखवलेलं काम आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 2007 पासून लोकाधारित देखरेख सुरू झाली, पहिल्या पाच जिल्ह्यांत अमरावती होता. गावाने आपल्या उपकेंद्राला गुण द्यायचे, तक्ता भिंतीवर लावायचा, आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर लोकांनी उभं राहून विचारायचं. आम्हा कर्मचाऱ्यांना ते आवडायचं असं नाही. सगळ्यांसमोर प्रश्न आला की घाम फुटायचा. पण जनसुनवाईच्या आधीच्या आठवड्यात बंद दारं उघडायची, औषधं यायची, भिंतींना रंग लागायचा, हेही तितकंच खरं. या कामाला फार पैसा लागत नाही. लागतो तो लोकांना नियम समजावून सांगणारा आणि दर महिन्याला न चुकता येणारा माणूस. पण त्यात वाटण्यासारखं काही नसतं, आणि अधिकाऱ्यांना प्रश्न विचारणाऱ्या कामावर कंपनीचं नाव लावायला कोणी धजत नाही. सीएसआरवाल्यांनो, मी हे तुम्हाला म्हणते आहे. फिरत्या दवाखान्याच्या एका गाडीचा वर्षाचा खर्च काढा आणि त्यातून एका तालुक्यात असे किती माणसं ठेवता येतील ते बघा.

तुमच्याही अडचणी आहेत, नाही असं नाही. व्यवस्थापनावर 5 टक्क्यांच्या वर खर्च करायचा नाही ही कंपन्यांवरची मर्यादा शेवटी छोट्या संस्थेच्या हिशेबनीसाच्या पगारावर येते. 2020 मध्ये परदेशी देणगीचा कायदा बदलला. मोठ्या संस्थेने तो पैसा छोट्या संस्थेकडे वळवायचा नाही असं ठरलं, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली. त्यानंतर गावाजवळची छोटी ऑफिसं बंद पडली आणि कारभार नागपूर-पुण्याकडे सरकला हे आम्हाला दिसलं. तालुक्याच्या ठिकाणी ऑफिस असतं तेव्हा लोक दारात येऊन भांडू शकतात. पुण्यात असलं की ईमेल करायचा असतो, आणि आमच्याकडे कोणी ईमेल करत नाही.

म्हणून काय करायचं ते लिहून संपवते. महाराष्ट्रात 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा घ्यावीच लागते. आमची बरीच गावं पेसा या आदिवासी भागासाठीच्या पंचायत कायद्यात आहेत, तिथे ग्रामसभेला जास्तीचे अधिकार आहेत आणि आदिवासी उपयोजनेच्या 5 टक्के निधीतला वाटाही थेट ग्रामपंचायतीकडे येतो, त्यातून आरोग्यावर खर्च करता येतो. गावात ग्राम आरोग्य समितीही आहे, बहुतेक ठिकाणी निजलेली. प्रकल्प सुरू करायच्या आधीच्या ग्रामसभेला या. कराराची मराठी प्रत घेऊन या, आणि त्यात शेवटच्या वर्षाचं पान वेगळं लावा: पेशंटची नावं कोणत्या उपकेंद्राकडे जाणार, औषध कुठून येणार, गावातल्या कार्यकर्तीचं पुढे काय, मशीनं कोणाकडे राहणार. त्यावर सरपंचाची, समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची आणि तुमची सही घ्या. दरवर्षी एका ग्रामसभेत येऊन त्या पानावरचं किती झालं ते वाचून दाखवा. लोक ओरडतील, दारू पिऊन आलेला एखादा शिव्याही देईल, त्याचं मनावर घ्यायचं नाही.

आणि कंपन्यांनी एवढंच करावं, की ज्या प्रस्तावात हे पान नाही तो परत पाठवावा. लाभार्थी किती हा प्रश्न विचाराच, पण प्रकल्प संपून वर्ष झाल्यावर त्यातले किती जण अजून औषध घेताहेत हेही विचारा. त्या पाहणीसाठीचे पैसे पहिल्याच वर्षी बाजूला काढायला लावा, नाहीतर ते कधीच उरत नाहीत.

माझ्या तालुक्यात पुढच्या वर्षापासून नवा प्रकल्प येतो आहे असं कानावर आलं आहे. ज्यांचा कोणाचा असेल त्यांनी 1 मेच्या ग्रामसभेला यावं. सतरंज्यांची सोय मी करते.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यिका
झरी जामणी तालुका, जि. यवतमाळ